जागलीच्या कुत्र्याची लघवी अडली, तर वाट पाहू नका

कास्तकार बंधूंनो, बैलाने चारा सोडला की आपण त्याच दिवशी डॉक्टरला निरोप धाडतो. पण रात्रभर वावरात रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या मागे धावणारे कुत्रे कोपऱ्यात कण्हत पडले, तर 'होईल आपोआप बरे' म्हणून सोडून देतो. केळापूर, घाटंजी या तालुक्यांत टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला ज्यांची पऱ्हाटी आणि तूर उभी आहे, त्यांना सांगायला नको की जागलीला चांगले कुत्रे नसले तर एका रात्रीत काय होते.

कुत्र्याच्या लघवीच्या पिशवीला जंतूंची लागण होते, तेव्हा ते घडीघडी लघवीला बसते, पण थोडी थोडीच होते. लघवीला घाण वास येतो, ती गढूळ किंवा लालसर दिसते. कुत्रे ती जागा सारखी चाटते. मादीचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने जंतू लवकर वर चढतात, म्हणून हा रोग मादीत जास्त. बहुतेक वेळा विष्ठेतले जंतूच याला कारण असतात.

नराची गोष्ट वेगळी. त्याच्या इंद्रियात हाड असते. पिशवीत खडा झाला, तर तो त्या हाडाच्या मागे येऊन अडकतो. कुत्रे जोर करते, थेंबही पडत नाही, पोट फुगते, पुढे उलट्या सुरू होतात. इथे घरगुती उपाय करत बसू नका. लघवी पूर्ण अडलेले कुत्रे दोन-तीन दिवसांत दगावते. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्नही करू नका, पिशवी फुटते. डॉक्टर बारीक नळी घालून मार्ग मोकळा करतात. शस्त्रक्रिया लागली, तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याची सोय आहे.

लघवी लाल दिसली म्हणजे प्रत्येक वेळी पिशवीचाच रोग असतो, असे नाही. अंगावर गोचीड असून ताप आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि लघवी कॉफीसारखी आहे, तर तो गोचीडताप असू शकतो. लघवी साफ, पण इंद्रियातून मधूनमधून रक्त ठिबकते, तर तिथे फुलकोबीसारखी गाठ आहे का ते डॉक्टरांना पाहू द्या. गावातल्या मोकाट कुत्र्यांत संगातून पसरणारी ही गाठ नेहमी आढळते आणि आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी बहुधा बरीही होते. मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. हेही तातडीचेच दुखणे.

उपचाराच्या बाबतीत एक चूक गावोगाव दिसते. माणसाच्या उरलेल्या गोळ्या भाकरीत घालून कुत्र्याला देतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मेली म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे आपण जाणताच. जंतुनाशक औषध कोणते आणि किती, हे कुत्र्याच्या वजनावरून डॉक्टर ठरवतात. दोन दिवसांत कुत्रे शेपूट हलवू लागले म्हणून औषध मध्येच सोडू नये. अर्धवट औषधाने जंतू निबर होतात, मग पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही.

हे लक्षात ठेवा :

१) २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागते, मे महिन्याच्या उन्हात त्याहून जास्त. सावलीत टोपले भरून ठेवा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा त्यासाठी कधीही वापरू नका. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्याने फवारणीचे विष काय करते ते पाहिले आहे.

२) साखळीला बांधलेले कुत्रे लघवी दाबून ठेवते. दिवसातून तीन-चार वेळा मोकळे सोडा.

३) दवाखान्यात जाताना धुतलेल्या कोरड्या बाटलीत ताजी लघवी घेऊन जा. एक-दोन तासांत पोचवा.

४) उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो हा रोग कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही. आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नका.

५) कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले, लाळ गळते, गिळता येत नाही, तर तोंडात हात घालू नका. पिसाळल्याची शंका घेऊन लगेच दवाखान्यात कळवा.

सरपंच व पोलीस पाटील यांनी एवढे करावे : जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन व वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहावी. रेबीजच्या लसीचा दिवस ठरला की दवंडी द्यावी. त्याच दिवशी डॉक्टरांकडून जागलीची कुत्री तपासून घेतली, तर अनेक दुखणी वेळीच हाती लागतील. पिकाची राखण करणाऱ्याची राखण आपणच करायची आहे.