फॉर्म भरण्याआधी एक महिना

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून आतेबहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती तिथेच जन्मली, तिथेच वाढली. आता मेडिकल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी तलमडुगुची. कापसाचं शेत, मराठी शाळा, दारात तेलुगू, बाजारात गोंडी, घरात मराठी, अशी वाढलेली. आम्ही दोघींनी एकमेकींना न विचारता एकच शाखा निवडली, न्यूरोसर्जरी. आजीला हे समजलं तेव्हा ती म्हणाली, "दोघींनाही डोक्याचंच काम सुचलं का गं? पोटाचं-बिटाचं काही नव्हतं का?"

बहिणीला विचारायचं होतं, अर्ज कसा करतात. मी नुकतीच या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला लागले आहे, म्हणून ती मला अनुभवी समजत होती. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आज कुणी ना कुणी नीटची तयारी करतंय किंवा एमबीबीएसला आहे. त्यांच्यातल्या एखाद्याच्या तरी उपयोगी पडेल.

काका

२०१४ च्या हिवाळ्यात माझे काका आदिलाबादच्या मार्केटात कापूस घालून मोटरसायकलने परत येत होते. अंधारात बैल आडवा आला आणि ते पडले. हेल्मेट नव्हतं. उठले, कपडे झटकले, गाडी ढकलत घरी आले. "काही नाही झालं," म्हणाले. चहा घेतला. दोन तासांनी उलटी झाली, मग झोप येऊ लागली. आम्हाला वाटलं, थकलेत, झोपू द्या.

मेंदूचं ऑपरेशन करणारा डॉक्टर तेव्हा आमच्यासाठी एक तर नागपूरला, जवळपास दोनशे किलोमीटरवर, नाही तर हैदराबादला, तीनशे किलोमीटरवर. गाडी नागपूरकडे निघाली. पैनगंगा ओलांडली, पांढरकवडा मागे पडलं. हिंगणघाटच्या अलीकडे काका गेले.

आधी शुद्धीवर असणं, बोलणं आणि मग हळूहळू गुंगीत जाणं, हे कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यात रक्त साचल्याचं लक्षण असू शकतं. वेळेत कवटी उघडून ते रक्त काढलं तर असा माणूस पुष्कळदा बरा होऊन घरी जातो. काकांचा स्कॅन झालाच नाही, त्यामुळे त्यांना नेमकं काय झालं होतं हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही. पण मी डॉक्टर व्हायचं ठरवलं ते त्या रात्रीनंतर.

दोन देश, दोन वाटा

आपल्याकडे एमबीबीएसनंतर न्यूरोसर्जन व्हायला मुख्यतः दोन रस्ते आहेत. पहिल्यात नीट पीजी देऊन तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस, मग नीट एसएस देऊन तीन वर्षं एम.सीएच. दुसऱ्यात एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम. दिल्लीच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थांतल्या अशा थेट जागांसाठी वर्षातून दोनदा आयएनआय-सीईटी होते. थेट डीआरएनबीच्या जागा नीट पीजीच्या गुणांवर मिळतात. कोणत्याही रस्त्याने गेलं तरी वर्षं सहाच.

अमेरिकेत ही रेसिडेन्सी सात वर्षांची असते. तिथे नुसत्या गुणांवर काम भागत नाही. चौथ्या वर्षी विद्यार्थी आपल्या आणि इतर शहरांतल्या रुग्णालयांत साधारण चार-चार आठवडे न्यूरोसर्जरी विभागात राबतात. त्याला सब-इंटर्नशिप म्हणतात. पहाटेच्या राउंडपासून रात्रीच्या इमर्जन्सीपर्यंत तुम्ही कसे वागता हे तिथले डॉक्टर पाहतात, आणि त्यातूनच शिफारसपत्रं मिळतात. मग अर्ज, मुलाखती, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपापली पसंतीची यादी द्यायची. संगणक जोड्या लावतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. ही पद्धत आजच्या रूपात आणणाऱ्या अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिची रचना विद्यार्थ्याच्या पसंतीला झुकतं माप देणारी आहे. म्हणून यादी करताना "आपल्याला कोण घेईल" असा हिशेब मांडू नये. जिथे मनापासून जायचंय ते नाव सर्वात वर लिहावं.

हे सगळं बहिणीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिची तक्रार वेगळीच होती. "तुमचं बरं आहे. एक परीक्षा दिली की झालं. आम्हाला महिनाभर परक्या ठिकाणी परीक्षा."

मी म्हटलं, "तुला तो महिना सक्तीने मिळतो. मला तो शोधावा लागला."

नागपूरचा महिना

पहिल्या खेपेला माझा क्रमांक मागे पडला. दुसऱ्या एका शाखेत जागा मिळत होती, घराजवळ, तीन वर्षांत संपणारी. बाबांनी दोन दिवस काही बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरी, आलेली जागा सोडाची नसते." मी सोडली. घरात महिनाभर अबोला होता.

त्याच दिवसांत एका वरिष्ठ सरांना भेटले. त्यांनी विचारलं, "मेंदूचं ऑपरेशन किती वेळा पाहिलंस?"

"दोनदा, सर. दारातून."

"आठ तास थिएटरमध्ये उभी राहिलीस कधी? ऑपरेशन चांगलं होऊनही न उठलेल्या पेशंटच्या बायकोशी बोललीस?"

"नाही, सर."

"मग तुला हीच शाखा हवी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर वाटत राहिलं, आपण काकांच्या दुःखालाच आवड समजून बसलो की काय! आठवड्याभरात मी नागपूरच्या एका रुग्णालयात निरीक्षक म्हणून महिनाभर राहण्याची परवानगी मिळवली. पेशंटला औषध द्यायचं नाही, टाका घालायचा नाही. फक्त पाहायचं, ऐकायचं, सांगतील ते लिहायचं.

पहिल्या आठवड्यात दोनदा चक्कर आली. न उठणारे पेशंट पाहिले. पायऱ्यांवर डबा उघडून न जेवता बसलेले नातेवाईक पाहिले. एका रात्री बाबांना फोन करून "जागा सोडून चूक केली" असं सांगणारही होते. फोन हातात घेऊन परत ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात किनवटकडचा एक म्हातारा डोक्याला मार लागून आला. अशा पेशंटची शुद्ध ग्लासगो कोमा स्केलवर मोजतात. ही मोजपट्टी १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे पूर्ण शुद्धीतल्या माणसाला १५ गुण. बाबाला मराठीत, हिंदीत नाव-गाव विचारलं. तो भलतंच काहीतरी पुटपुटत होता, म्हणून बोलण्याचा एक गुण कापला गेला. मी कोपऱ्यात उभी होते. ते पुटपुटणं नव्हतं, गोंडी होती. आठवडी बाजारात ऐकून मला थोडी येते. मी पुढे होऊन विचारलं. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि बैलांना चारा कोण टाकतंय तेही विचारलं. गुण पंधरा झाले.

दर तासाला त्याचा स्कोअर तपासायचं काम मग माझ्याकडे आलं. पहाटे चारला तो तेरावर उतरला. मी धावत जाऊन रेसिडेंटना उठवलं. पुन्हा स्कॅन झाला, ऑपरेशन झालं. सहा तास मी भिंतीला टेकून उभी होते आणि चक्कर आली नाही. नवव्या दिवशी म्हातारा पायी चालत लिफ्टपर्यंत गेला.

त्या दिवशी मला सरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुढच्या परीक्षेत क्रमांक लागला.

तुमच्यासाठी

ज्यांना ही वाट खुणावते आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की फॉर्म भरण्याआधी महिनाभर वॉर्डात उभं राहा. इंटर्नशिपमध्ये किंवा इलेक्टिव्हमध्ये जमलं तर उत्तम, नाहीतर सुट्टी खर्ची घाला. ज्यांना इथून अमेरिकेला जायचंय त्यांनी तर हे एमबीबीएस संपायच्या आत बघावं. विद्यार्थी असताना तिथे इलेक्टिव्हमध्ये प्रत्यक्ष काम करायची संधी असते. पदवीनंतर बहुधा फक्त निरीक्षक म्हणून राहता येतं. शिफारसपत्र अशाच माणसाकडून घ्या, ज्याने तुम्हाला रात्री तीन वाजता काम करताना पाहिलंय.

मुलींना "हे बायकांचं काम नाही" असं ऐकावं लागतं. डॉ. टी. एस. कनका यांनी मद्रासला न्यूरोसर्जरीची एम.सीएच. मिळवली ते साल होतं १९६८.

आणि आई-वडिलांनो, वर्षं मोजताना मुलांच्या शेजारी बसून मोजा. प्रवेश घेतला त्या दिवशी बाबांनी विचारलं, "किती वर्षं?"

"सहा."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे कापसाचे सहा हंगाम. निघून जाईन. पण मंग येशील ना इकडे?"

खरं सांगायचं तर तलमडुगुत न्यूरोसर्जन बसून काही करू शकत नाही. स्कॅन, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, हे सगळं लागतं. पण आदिलाबादला हे जुळून येऊ शकतं. डॉ. जेकब चँडी माँट्रियलला शिकून वेल्लोरला परतले आणि १९४९ मध्ये त्यांनी भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढेही तयार काही नव्हतं. मी बाबांना वचन दिलेलं नाही. आदिलाबाद, एवढंच म्हटलं.

तोवर गावासाठी एक काम मी सुट्टीत गेले की करते. बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला सांगते, डोक्याला मार लागलेला माणूस बोलत असला तरी त्याच्यावर लक्ष ठेवा. उलटी झाली, डोकं फार दुखू लागलं, झोप अनावर झाली, तर झोपू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि लगेच निघा. काकू माझ्याशेजारी उभी असते. मी एखादं लक्षण विसरले तर ती सांगते.