दुखऱ्या मानेला हवे बळ

संगणकासमोर तासन् तास बसणाऱ्यांमध्ये मान आखडणे आणि खांदे भरून येणे ही नित्याचीच तक्रार झाली आहे. मलम चोळणे, शेक घेणे, मानेला पट्टा लावून विश्रांती घेणे हे त्यावरचे रूढ उपाय. त्यांनी तात्पुरता आराम पडतो. मात्र महिनोन् महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यावर स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम अधिक परिणामकारक ठरतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस स्नायू हे या दुखण्याचे प्रमुख ठिकाण. कीबोर्ड व माऊस वापरताना त्यावर पडणारा भार अल्प, परंतु अखंड असतो. त्यामुळे स्नायूतील ठरावीक तंतूंना दिवसभर उसंत मिळत नाही, असे मानले जाते.

फिनलंडमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या आणि मानदुखीने त्रस्त असलेल्या 180 महिलांचा वर्षभर अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. मानेची ताकद वाढवणारे व्यायाम करणाऱ्या 73 टक्के महिलांना लक्षणीय अथवा पूर्ण आराम मिळाला. केवळ स्नायू ताणण्याचे आणि एरोबिक व्यायाम सुचवलेल्या गटात हे प्रमाण 21 टक्केच होते.

डेन्मार्कमधील 2008 च्या अभ्यासातही हेच आढळले. आठवड्यातून तीन वेळा, 20 मिनिटे डंबेल्सच्या साह्याने खांद्यांचा व्यायाम करणाऱ्या महिलांचे दुखणे दहा आठवड्यांत बरेच ओसरले. सायकल चालवणाऱ्यांना मात्र किरकोळ, तात्पुरताच दिलासा मिळाला.

वेळ नसल्याची सबबही फारशी टिकत नाही. तेथीलच 2011 च्या अभ्यासात आठवड्यातून पाच दिवस, रोज अवघी दोन मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचेही दुखणे कमी झाले. त्यासाठी लागते ती फक्त एक रबरी ट्यूब. तिचा मध्य पायाखाली दाबून टोके हातांत धरावीत, कोपरे किंचित वाकवून हात बाजूने खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलावेत आणि सावकाश खाली आणावेत.

आरंभ हलक्या ताणाने करून तो क्रमाक्रमाने वाढवावा. सुरुवातीला स्नायू थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. तथापि हाताला मुंग्या येणे, बधिरपणा, पकड सैल होणे, ताप किंवा अपघातानंतरची मानदुखी अशी लक्षणे असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.