जुन्या ट्रकच्या एंजिनाचे श्वसन

शेव्हरोलेट कंपनीचे सहा सिलिंडरांचे २३५ घन इंची एंजिन १९४१ साली प्रथम जड ट्रकांत बसविण्यात आले, आणि १९५४ पासून ते हलक्या ट्रकांतही रूढ झाले. जनरल मोटर्सच्या शिवडी येथील कारखान्यात १९२८ पासून १९५४ पर्यंत मोटारींची व ट्रकांची जुळणी होत असल्यामुळे हे घराणे मुंबईस अपरिचित नव्हते. आज अमेरिकेत अशा ट्रकांचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचा पहिला हात बहुधा कार्ब्युरेटरावर पडतो. मूळचा एककंठी कार्ब्युरेटर एंजिनाचा गळा आवळतो. तो काढून दोन-तीन बसविले की शक्ती वाढते, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत सर्वस्वी खोटी नव्हे. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न किती हवा आत जाते हा नसून, तिच्यातील इंधन सहाही सिलिंडरांस सारख्या प्रमाणात व बाष्परूपाने पोचते की नाही, हा आहे.

प्रथम हवेचा हिशेब पाहू. चतुर्घाती एंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या घनफळाइतकी हवा ओढते. २३५ घन इंच, मिनिटास ३,६०० फेरे आणि १,७२८ घन इंचांचा एक घनफूट, यांवरून आदर्श मागणी मिनिटास सुमारे २४५ घनफूट येते. आयतनी कार्यक्षमता शेकडा ७५ धरली तर ती १८४ वर उतरते. ट्रक ज्या वेगाने प्रत्यक्ष ओझे ओढतो त्या २,००० फेऱ्यांस ती ११० च्या आसपासच असते. आता बाजारात मिळणारा लहानात लहान प्रचलित चतुष्कंठी होली कार्ब्युरेटर ३९० घनफुटांचा म्हणून विकला जातो. येथे एक मेख आहे. चतुष्कंठी कार्ब्युरेटरांचे मापन पाऱ्याच्या दीड इंच दाबफरकावर होते, तर एककंठी व द्विकंठींचे तीन इंचांवर. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ३९० चा आकडा दुसऱ्या मापाने सुमारे ५५० होतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लोक नकळत शेर आणि पायली यांची तुलना करीत असतात.

मूळचा कार्ब्युरेटर खरोखर अडथळा करतो काय, हे तर्काने ठरविण्याचे कारण नाही. मॅनिफोल्डास निर्वातमापक जोडावा, ट्रक चढावर घालावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून वरच्या फेऱ्यांस वाचन घ्यावे. पाऱ्याचा एक इंचही निर्वात उरत नसेल तर कार्ब्युरेटर मोठा करून मिळविण्यासारखे फारसे काही नाही. तीन इंच उरत असेल तर हवेची सुमारे एकदशांश घनता वाया जात आहे, आणि तेवढी शक्तीही.

कंठ मोठा केल्याने जे गमवावे लागते ते मात्र या वाचनात दिसत नाही. कार्ब्युरेटर इंधन ओढतो तो कंठातील हवेच्या वेगामुळे उत्पन्न होणाऱ्या अवदाबाने, आणि हा अवदाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कंठाचे क्षेत्र दुप्पट केले की त्याच प्रवाहास वेग निम्मा व अवदाब चतुर्थांश होतो. मग मंद फेऱ्यांवर इंधन बारीक तुषारांऐवजी जाड थेंबांनी गळू लागते. ज्या कार्ब्युरेटरांत दुसरा कंठ मागाहून उघडतो ते या कामी सोयीचे पडतात, त्याचे कारण हेच. ३२ व ३६ मिलिमीटर थ्रॉटलांचा वेबर अशांपैकी आहे. मात्र त्यास इंधनपंपाचा दाब मर्यादित ठेवावा लागतो, अन्यथा तरंडीची सुई बंद राहात नाही.

आता वाटपाकडे वळू. या एंजिनाच्या शीर्षात सहा सिलिंडरांस अंतर्ग्रहणाची तीनच मुखे आहेत : १-२, ३-४ आणि ५-६ अशा जोड्यांस प्रत्येकी एक. ज्वलनक्रम १-५-३-६-२-४ असा आहे, म्हणजे प्रत्येक पाठोपाठच्या दोन ज्वलनांत क्रँकशाफ्टाचे १२० अंश. यावरून पाहता मधल्या मुखावरील ३ व ४ हे सिलिंडर बरोबर ३६० अंशांच्या अंतराने हवा ओढतात. परंतु दोन्ही टोकांच्या मुखांवर हे अंतर आळीपाळीने २४० व ४८० अंश असते. २ नंतर १ येतो तेव्हा पहिल्याने गतिमान केलेला मिश्रणाचा स्तंभ दुसऱ्यास आयता मिळतो. १ नंतर २ येईपर्यंत मात्र तो स्तंभ निपचित पडलेला असतो आणि त्यातील इंधन भिंतींवर बसलेले असते. एकाच मुखावरील दोन शेजारी, पण एकास मिळते ते दुसऱ्यास नाही. एकच कार्ब्युरेटर असताना दर १२० अंशांस ओढ लागल्यामुळे त्याच्यातून जाणारा प्रवाह जवळजवळ सलग असतो. प्रत्येक मुखास स्वतंत्र कार्ब्युरेटर दिला की हाच प्रवाह धक्क्याधक्क्याने वाहू लागतो, व मूळच्या जेटांचे माप निरुपयोगी ठरते. म्हणून तीन कार्ब्युरेटरांच्या रचनेत तिघांस जोडणारी समतोलनलिका ही आवश्यक गोष्ट होय. ती नसेल तर थ्रॉटलांची जुळणी कितीही काळजीने केली तरी मंदगती स्थिर राहात नाही.

याहूनही दुर्लक्षित राहणारी गोष्ट उष्णतेची. मूळ रचनेत अंतर्ग्रहणाचे मॅनिफोल्ड निष्कासाच्या मॅनिफोल्डावर बसविलेले असून कार्ब्युरेटराच्या नेमके खाली उष्ण वायूंचा कक्ष आहे. द्विधातु स्प्रिंगेवर चालणारी झडप एंजिन थंड असताना ते वायू तिकडे वळविते. हा कक्ष काही लहर म्हणून ठेवलेला नव्हता. योग्य प्रमाणातील पेट्रोल पूर्णपणे बाष्प होताना स्वतःसह हवेचे तापमान २० ते २५ अंश सेल्सिअसने उतरविते. ही उष्णता कोठून तरी मिळाली पाहिजे. न मिळाल्यास इंधन द्रवरूपाने मॅनिफोल्डाच्या तळाशी वाहते आणि उताराप्रमाणे ज्याच्या वाट्यास जाईल त्याच्या वाट्यास जाते. हौशी मनुष्य दोन टोकांस दोन कार्ब्युरेटर बसवितो, शिवाय निष्कासासाठी फेंटनच्या पद्धतीचे विभागलेले मॅनिफोल्ड लावतो, आणि तो कक्ष नाहीसा होतो. मग सकाळी एंजिन खोकते, थ्रॉटल एकदम उघडला की अडखळते, आणि दोष मात्र जेटांस दिला जातो. शर्यतीच्या गाडीस थंड मिश्रण हितकर असते, कारण १० अंश उष्णता वाढली की घनता सुमारे शेकडा तीनने घटते. सामान वाहणाऱ्या ट्रकास हा तीन टक्क्यांचा लाभ घेऊन काय करावयाचे? एंजिनाचे गरम पाणी खेळविणारी पट्टी मॅनिफोल्डाच्या तळाशी बसविणे हा त्यावर चांगला उपाय आहे. काही ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डांत हा पाण्याचा मार्ग ओतीव कामातच ठेवलेला असतो.

इंधनात इथेनॉल मिसळू लागल्यापासून हा मुद्दा अधिक निकडीचा झाला आहे. शेकडा २० इथेनॉल असलेल्या पेट्रोलास हवेचे प्रमाण १४·७ ऐवजी सुमारे १३·५ लागते. म्हणजे जुन्या जेटांवर मिश्रण शेकडा आठच्या आसपास विरळ होते. त्यासाठी जेटाचा व्यास चार टक्क्यांनी वाढवावा लागतो. पण इथेनॉलाची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलाच्या अडीचपटींहून अधिक असल्यामुळे वर सांगितलेली तापमानाची घट ३० अंशांच्या पलीकडे जाते, आणि ती उणीव जेट बदलून भरून निघत नाही.

१९५३ च्या कॉर्व्हेट मोटारीचा दाखला यासंबंधात नेहमी दिला जातो. याच २३५ एंजिनास तेथे तीन आडवे कार्टर कार्ब्युरेटर लावून १५० अश्वशक्ती मिळविण्यात आली, तर १९५४ च्या ट्रकात ती ११२ होती. परंतु कॉर्व्हेटास आठास एक संपीडन, अधिक उचल देणारा कॅम आणि दुहेरी निष्कासही होता, आणि तिची कमाल शक्ती ४,२०० फेऱ्यांवर मिळत असे. त्या ३८ अश्वशक्ती एकट्या कार्ब्युरेटरांच्या नावावर मांडणे हा हिशेबातील अन्याय होय.

ठिणगीच्या बाबतीत शेव्हरोलेटवाल्यास फारशी चिंता नाही, कारण त्याच्या डिस्ट्रिब्यूटरात केंद्रोत्सारी वजनेही आहेत. फोर्डच्या त्या काळातील लोड-ओ-मॅटिक डिस्ट्रिब्यूटरात ती नसून ठिणगीची आगाऊ वेळ केवळ कार्ब्युरेटरातून येणाऱ्या निर्वातावर ठरते. तेथे दुसऱ्या जातीचा कार्ब्युरेटर बसविल्यास डिस्ट्रिब्यूटरही बदलावाच लागतो.

आणि ट्रक १९५४ च्या पूर्वीचा, २१६ घन इंचांचा असेल, तर ही सर्व चर्चा जपून वाचावी. त्या एंजिनाच्या कनेक्टिंग रॉडांची बेअरिंगे रॉडातच ओतलेल्या बॅबिट धातूची असून त्यांस तेल दाबाने नव्हे, तर फवाऱ्याने व रॉडाखालील पळीने पोचते. श्वसन सुधारले की चालक ते अधिक फेऱ्यांवर पळवू लागतो, आणि मग तक्रार कार्ब्युरेटराची राहात नाही, बेअरिंगांची होते.