सिकलसेलचे निदान : प्रकाशाने घेतलेले माप

भिलाईच्या कारखान्यात १९५९ पासून पोलाद तयार होते. पोलादाचा तुकडा चकचकीत घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्याची अंतर्रचना दिसते आणि तिच्यावरून धातूचे बळ अजमावता येते. भिलाईभोवतालच्या मैदानी छत्तीसगडमध्ये अशाच एका अंतर्रचनेचा प्रश्न माणसांच्या रक्तातही आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार येथे केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही. साहू, कुर्मी यांसारख्या समाजांतही तो आढळतो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की ‘एस’ हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी होताच त्याचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेली पेशी साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसते; तंतू मात्र दिसत नाही. त्याची जाडी आहे सुमारे २० नॅनोमीटर. साध्या प्रकाशाने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा अर्न्स्ट अब्बे यांनी १८७३ मध्ये मांडली. ती ओलांडणाऱ्या तंत्रांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; पण ती महागडी यंत्रे ग्रामीण आरोग्य केंद्रात कोण बसविणार?

जे दिसत नाही तेही प्रकाशाला अडविते, आणि विद्राव्यता चाचणी नेमकी यावरच आधारलेली आहे. रक्ताचा थेंब प्राणवायू काढून घेणाऱ्या द्रावणात मिसळतात. ‘एस’ हिमोग्लोबिन विरघळत नाही, प्रकाश विखुरतो, द्रावण गढूळ होते आणि नळीमागील कागदावरच्या काळ्या रेघा वाचता येत नाहीत. खर्च अल्प, यंत्राची गरज नाही.

मात्र गढूळपणावरून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी ‘एचपीएलसी’ यंत्र लागते. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाने किती प्रकाश शोषला हे मोजते. वाहकात ‘एस’चे प्रमाण सहसा निम्म्याहून कमी भरते. दोन्ही जोडीदार वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच अर्धवट निदान हे माझ्या मते निदान न होण्याइतकेच महाग पडते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. एवढ्या संख्येसाठी स्वस्त चाचणी आधी आणि महाग चाचणी नंतर हा क्रम योग्यच. नवजात बालकांना मात्र तो लागू पडत नाही. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असल्याने द्रावण स्वच्छच राहते आणि आजारी बालकही निरोगी ठरते.