रायफल साफ ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

कोरवाच्या कारखान्यातून एके-203 रायफली सैन्याकडे जाऊ लागल्यापासून त्यांच्या कौतुकात एक वाक्य हमखास येतं: ही रायफल चिखल, वाळू, बर्फ सगळं सोसते, तिला देखभाल जवळपास लागतच नाही. सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार, जुन्या इन्सास रायफलींची निवृत्ती, स्वदेशी सुट्या भागांचं प्रमाण यांवर भरपूर लिहून झालं आहे. काळजी वाटते ती या एका वाक्याची. कारण साठेक वर्षांपूर्वी अमेरिकी लष्करात एम-16 बद्दल नेमका हाच समज पसरला होता, आणि त्याची किंमत व्हिएतनाममध्ये विशीतल्या पोरांनी जिवानिशी चुकवली.

ती हकिगत नीट पाहण्यासारखी आहे. एम-16 ची मूळ रचना यूजीन स्टोनर यांची. गोळी सुटल्यावर दारूचा वायू एका बारीक नळीतून मागे येतो आणि बोल्टला ढकलतो. त्यामुळे काजळी थेट रायफलीच्या पोटात जाते. स्टोनर यांनी ही रचना एका विशिष्ट दारूवर बेतली होती. 1964 मध्ये लष्कराने काडतुसांसाठी दुसरी, गोल कणांची दारू मंजूर केली. तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूनळीत साचू लागला, शिवाय रायफल ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत तो गंजून खडबडीत होई. मग रिकामी पुंगळी आत घट्ट रुतून बसे. बोल्ट तिची कड तोडून मागे येई, पण पुंगळी जागची हलत नसे. ती काढायला नळीच्या तोंडातून सळई घालून ठोकावं लागे, तेही समोरून गोळ्या येत असताना. आणि ती सळई सगळ्यांकडे नव्हतीच, कारण या रायफलीला सफाई फारशी लागत नाही असं मानून सफाईचं साहित्य पुरेसं पाठवलंच नव्हतं. तरीही तक्रारी आल्या तेव्हा पहिला ठपका ‘जवान रायफल साफ ठेवत नाहीत’ असाच होता. 1967 मध्ये खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी केली. दारूबदलाला आपली संमती नव्हती, हे स्टोनर यांनी तिच्यापुढे सांगितलं. काडतुसांतले दोष दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांचं वागणं गुन्हेगारी हलगर्जीच्या सीमेवर जातं, इतक्या कठोर शब्दांत समितीने अहवाल दिला.

यावर कोणी म्हणेल, एके ही एम-16 नव्हे. बरोबर आहे. तिच्यातला पिस्टन जाड, भागांमध्ये मोकळी जागा जास्त, नळीला आतून क्रोम. पण मिखाईल कलाशनिकोव्ह यांच्या मूळ रायफलीकडे जरा जवळून पाहा. नळीखाली सफाईची सळई अडकवलेली आहे, लाकडी दस्त्याच्या बुडाला झडप आहे आणि झडपेआड ब्रश आणि इतर साहित्याची डबी. सळई घासून नळीचं तोंड झिजू नये म्हणून त्या डबीचं झाकणच तोंडावर बसवायचं. आपल्या रायफलीला देखभाल लागत नाही असं खुद्द तिच्या निर्मात्यानेच मानलं नव्हतं. काडतुसांचंही तेच. सोव्हिएत गटातल्या अनेक देशांच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचा क्षार नळीत उरतो आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठासारखा हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलाने तो विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणूनच ली-एनफिल्डच्या काळात नळीत उकळतं पाणी ओतून, ती कोरडी करून मग तेल लावण्याची रीत होती. दारू आणि टोपी बदलली की सफाईची रीतही बदलते, आणि कोणती काडतुसं घ्यायची हे जवान ठरवत नाही.

शिस्तीचा मुद्दा उरतोच, आणि तो खरा आहे. एनसीसीच्या पोरांनाही फुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चार बाय दोन इंचांची चिंदी लावून नळी साफ करायला, मग पातळ तेलाचा हात द्यायला शिकवतात. त्या सवयीला पर्याय नाही. पण शिस्त पुरवठ्याची जागा घेऊ शकत नाही. सियाचीनच्या थंडीत साधं तेल घट्ट होऊन बोल्ट जड चालतो, तिथे वेगळं वंगण पोहोचायलाच हवं. 1999 मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सासच्या प्लास्टिक मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. ते तडे कितीही चिंद्या फिरवून सांधणारे नव्हते.

अमेरिकेत पुढे चेंबरला क्रोम चढलं, सफाईचं साहित्य पोहोचलं, दस्त्यात ते ठेवायला जागा झाली आणि 1968 मध्ये विल आयस्नर यांच्या चित्रांची देखभाल-पुस्तिका जवानांच्या हाती पडली. तीच बदनाम रायफल मग दशकानुदशकं वापरात राहिली. आपल्या खासदारांनी संरक्षणमंत्र्यांना पुढच्या खेपेत रायफली किती एवढंच विचारून थांबू नये. प्रत्येक रायफलीबरोबर सफाईचं साहित्य, हवामानाप्रमाणे वंगण आणि तपासून घेतलेली काडतुसं जात आहेत का, याचं लेखी उत्तर मागावं.