चरबी उतरू दे, स्नायू नकोत

पासष्टीनंतर वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजनकाट्यावर हा फरक दिसत नाही, जिना चढताना मात्र जाणवतो. अमेरिकेतल्या 160 लठ्ठ ज्येष्ठांवरचा एक अभ्यास 2017 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मोजका आहार आणि सहा महिन्यांचा व्यायाम यांमुळे व्यायामाच्या तिन्ही गटांचं वजन साधारण 9 टक्के घटलं. पण चरबी वगळता उरणारं वजन फक्त एरोबिक व्यायाम करणाऱ्यांत 5 टक्के घटलं, वजनं उचलणाऱ्यांत 2 टक्केच. हालचालींची क्षमता सर्वाधिक सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची.

ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. लठ्ठपणात हा हिशेब कोणत्या वजनावर करायचा, ते आहारतज्ज्ञाला विचारावं. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवूच नयेत.

पातळ वरणाच्या वाटीत डाळ फार थोडी असते. मटकीची घट्ट उसळ किंवा मुगाचं धिरडं बरं. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं, तर 30 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत 15 ग्रॅम.

व्यायामाची सुरुवात खुर्चीपासून करावी. ती भिंतीला टेकवावी, हात छातीशी घ्यावेत, उठावं आणि सावकाश बसावं. धपकन बसलं, तर मांडीच्या स्नायूंचं निम्मं काम बुडतं. गुडघे दुखत असतील, तर बैठकीवर जाड उशी ठेवावी. हे सहज जमू लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्याव्यात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकाआड एक.