खुरप्याचा विवेक

मृगाच्या सरी ओसरून आर्द्रा लागल्या, की पुण्यातील जुन्या बंगल्यांच्या आवारांत तणाचा अंमल अशा काही त्वरेने बसतो, की आठ दिवसांपूर्वी जेथे गुलाबांची आळी स्पष्ट दिसत होती, तेथे आळे कोणते आणि पायवाट कोणती हेच उमगेनासे होते. आणि मग घरधनी फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या मजुराला विचारतो, ‘‘बाग साफ करायचीय, काय घेणार?’’ या प्रश्नात मजुरीची चौकशी असते, कामाची नसते. ‘साफ’ या शब्दाचा मालकाच्या मनातील अर्थ एक आणि मजुराच्या मनातील दुसरा, आणि पुढील बहुतेक मनस्ताप या दोहोंच्या मधल्या जागेत उगवतो. मी स्वतः हा प्रश्न अनेक वर्षे असाच विचारला आहे. तेव्हा खालील गैरसमज बव्हंशी माझेच आहेत.

गैरसमज : खुरपणी कोणालाही जमते.

वस्तुस्थिती : उपटायला बळ पुरते, काय उपटू नये हे कळायला मात्र नजर लागते. एका वर्षी मी दोन धडधाकट गडी रोजंदारीवर लावले. त्यांनी सायंकाळपर्यंत आवार तळहातासारखे चोख केले, आणि त्या चोखपणात, उन्हाळ्यात पाने येण्यापूर्वीच जमिनीलगत फुलणारा माझा भुईचाफा, हळदीसारख्या पानांसकट आणि गड्ड्यांसकट, घमेल्यात गेला. कसूर त्यांची नव्हती. मी त्यांना ते झाड दाखवलेच नव्हते. पुढल्या पावसाळ्यात आलेल्या, शेतातल्या निंदणीत हात मुरलेल्या बाईंनी मात्र खुरपे टेकवण्याआधीच विचारले, ‘‘ह्यातलं ठेवायचं काय, ते आधी दावा.’’ मग त्यांनी केना आणि दुधी काढून टाकली, तुळशीची इवली रोपे राखली आणि घोळ व तांदुळजा भाजीसाठी वेगळी बांधून घेतली. तण ही वनस्पतीची जात नसून तिची चुकलेली जागा आहे, हे त्या दिवशी मला कळले. गुलाबाच्या आळ्यात वैरी ठरणारी हरळीच भाद्रपदात दूर्वा म्हणून आपण मंडईत विकत घेतो.

गैरसमज : खोल खणले की तण समूळ जाते.

वस्तुस्थिती : लव्हाळ्याच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडते. उटण्यात पडणाऱ्या नागरमोथ्याचे हे भावंड जमिनीखाली गाठींची माळ ओवीत पसरते. माळ अखंड असेपर्यंत तीतील पुष्कळ गाठी निद्रिस्त राहतात, पण कुदळीच्या घावाने ती तुटली, की सुटी झालेली गाठ स्वतंत्र रोप होऊन वर येते. शिवाय खोल गाडलेले आणि म्हणूनच निरुपद्रवी झालेले तणाचे बी खणण्यामुळे पृष्ठभागी येऊन प्रकाश मिळताच रुजते. यासाठी जमीन वाफशावर असताना, म्हणजे चिखलही नाही आणि ढेकूळही नाही अशा वेळी, खुरप्याचे टोक हलकेच खाली घालून गाठीसह लव्हाळा उचलावा. जे राहील ते दर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा काढीत गेल्यास गाठीतील साठा हळूहळू संपतो. काढलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर पुढल्या वर्षी खताबरोबर त्याच वाफ्यात परत येतात. मोकळ्या मातीवर पाचोळ्याचे आच्छादन घातले तर इतर तणांचे बी अंधारात अडून राहते, हे खरे. लव्हाळा मात्र त्यालाही भेदून वर येतो.

गैरसमज : एकदा साफसफाई केली की वर्षाची निश्चिंती.

वस्तुस्थिती : तणाचा बंदोबस्त बळापेक्षा तिथीवर अवलंबून असतो. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवत उगवल्यानंतर साधारण महिन्याभरात फुलू लागते आणि त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुलण्यापूर्वी काढलेले एक झाड हे फुलल्यानंतर काढलेल्या शंभर झाडांहून मोलाचे. ते उपटताना हातमोजे द्यावेत, कारण त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते आणि परागांनी काहींना दम्याचा त्रास होतो. तेव्हा एका पूर्ण दिवसाच्या उक्त्या कामाऐवजी जूनअखेरीपासून आश्विनापर्यंत दर तीन आठवड्यांनी अर्धा दिवस, असा मुदतीचा करार करणे दोघांच्याही हिताचे असते.

गैरसमज : औषध मारले की मजुरी वाचते.

वस्तुस्थिती : ग्लायफोसेटसारखे तणनाशक पानावाटे शिरून मुळापर्यंत पोचते आणि तण व गुलाब असा भेद करीत नाही, वाऱ्याने उडालेले तुषार शेजारच्या झाडावर पडले, तर तेही त्याच वाटेने जाते. जमिनीतील बी मात्र शाबूत राहते, आणि पुढल्या सरीला पुन्हा उगवते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून या द्रव्याचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा असा निर्बंध घातला, यावरूनही ते मजुराच्या हाती पंपासह सोपवण्याजोगे नव्हे हे ध्यानी यावे.

गैरसमज : आवार आपले, तेव्हा झाडेही आपल्या मर्जीची.

वस्तुस्थिती : खुरपणी आटोपताच ‘तेवढा तो अशोक पण उतरवून टाका’ असे सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत 1975 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये खासगी जमिनीवरील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्ज करणे मालकाचे काम आहे. कोयता चालवणाऱ्याच्या गळ्यात ती जबाबदारी अडकवू नये.

आताशा बाई आल्या की मजुरी ठरवण्यापूर्वी आम्ही दोघे आवाराची एक फेरी मारतो; काय ठेवायचे ते मी दाखवतो, आणि काय जाणार आहे ते त्या सांगतात. मागील अशाच एका फेरीत भिंतीलगतच्या गवतात त्यांनी एक रुंद पान चिमटीत धरून विचारले, ‘‘ही हळद नव्हं ना?’’ गड्यांच्या तडाख्यातून एक गड्डा वाचला होता. त्यांनी त्याच्याभोवती बांबूच्या चार काड्या रोवल्या आणि मगच खुरपे हाती घेतले.